वेरूळ मंगळवारी बंद असते

आमच्या शहरात वाढलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी दोन गोष्टी तो बिनचूक सांगतो: अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. हॉटेलवाले, गाडीवाले, गाइड, एवढेच काय, ज्यांच्या घरी पाहुण्यांचा राबता असतो अशा घरांतल्या गृहिणीसुद्धा आपला आठवडा या दोन वारांना धरून आखतात. वीस वर्षे पुण्यात काढल्यावर मी मात्र हे साफ विसरले आणि आग्र्याच्या एका मैत्रिणीला वेरूळ दाखवायचे म्हणून नेमकी मंगळवारची सकाळ ठरवून तिला छत्रपती संभाजीनगरला माहेरी घेऊन आले. पोह्यांच्या बशा पुढ्यात ठेवता ठेवता आई म्हणाली, "आज मंगळवार आहे ना गं? मग वेरूळ कसलं बघता?" मैत्रिणीला मराठी बेताचेच समजते, पण माझा चेहरा पाहून तिला सगळा उलगडा झाला आणि ती मोठ्याने हसली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला परतायचे होते. हातात एक अख्खा दिवस होता आणि दाखवायला उरले होते ते फक्त आमचे शहर.

तो "फक्त" माझ्या मनात किती सहज येऊन गेला हे मला बऱ्याच दिवसांनी जाणवले.

लहानपणी आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना मकबरा, म्हणजे बीबी का मकबरा, दाखवायचा हे पाण्याचा तांब्या पुढे करण्याइतके ठरलेले होते. औरंगपुऱ्यातल्या घरून दोन रिक्षा करायच्या, बेगमपुऱ्यात उतरायचे, बाबांनी तिकिटे काढायची आणि आम्ही मुलांनी हिरवळीवर धूम ठोकायची. मुख्य दरवाज्यातून आत शिरल्यावर समोर कारंज्यांची लांबलचक रांग आणि तिच्या टोकाला तो पांढरा घुमट दिसू लागला, की बाबा थांबत आणि पाहुण्यांना म्हणत, "हा आमचा ताजमहाल." त्यावर पाहुण्यांची उत्तरे दोनच प्रकारची असत. ज्यांनी आग्रा पाहिलेले नसे ते म्हणत, "अगदी हुबेहूब आहे हो." ज्यांनी पाहिलेले असे ते जरा थांबून, यजमानांना वाईट वाटू नये अशा बेताने म्हणत, "छान आहे, पण ताजची सर नाही." हे दुसरे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते वाक्य येण्याआधी पाहुण्यांच्या चेहऱ्यावर जो एक समजूतदार भाव येतो तोही मला दुरून ओळखू येई.

सर नाही हे खरेच आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ साली वारली आणि पुढच्या काही वर्षांत हा मकबरा उभा राहिला. संगमरवर वापरला आहे तो भिंतींच्या खालच्या पट्ट्यात, जाळ्यांत आणि घुमटात. मधला पुष्कळसा भाग आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचा असून त्यावर घोटीव चुन्याचा गिलावा चढवलेला आहे. दर पावसाळ्यात तो गिलावा कुठे ना कुठे काळवंडतो, कुठे सुटतो. एका जुन्या तवारिखेत या बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदवलेला आहे, आणि मला त्या सात आण्यांचे नेहमी कौतुक वाटत आले आहे, कारण बायकोच्या कबरीचा हिशेब आण्यापर्यंत ठेवणाऱ्या घराची काटकसर त्या इमारतीच्या अंगावरही दिसते. मनोरे घुमटाच्या मानाने जवळ आणि जड वाटतात. सगळी इमारत जरा आखडून, खांदे वर करून उभी असल्यासारखी दिसते. पण हे दोष मकबऱ्याचे म्हणून कोणाच्याही नजरेला आले असते का, याची मला शंका आहे. ते दिसतात, कारण पाहणाऱ्याच्या डोक्यात आग्र्याची इमारत आधीच उभी असते आणि तो मनातल्या मनात एकावर दुसरी ठेवून कुठे कमी पडते ते बघत असतो.

याच्या अगदी उलट प्रकार डिसेंबर-जानेवारीत बघायला मिळतो. परभणी, जिंतूर, अंबड अशा गावांतून शाळांच्या सहली एसटीच्या लाल गाड्यांमधून येतात. मुले गणवेशात असतात, हातात हात धरून रांगेने चालतात, गुरुजी पुढे आणि बाई मागे. दरवाज्यातून आत आल्यावर रांग मोडते आणि एकच ओरड उठते, "ताजमहाल!" त्या मुलांनीही ताजमहाल पाहिलेलाच असतो, पण कॅलेंडरवर, वहीच्या कव्हरवर, कोणाच्या तरी घरच्या काचेच्या कपाटातल्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीत. त्यांच्या मानाने हा ताज पुष्कळच मोठा आणि पुष्कळच खरा असतो. मग ती हिरवळीवर बसून चटणी-पोळीचे डबे उघडतात. एकाच इमारतीसमोर, एकाच सकाळी, एक माणूस निराश होतो आणि पन्नास मुले हरखून जातात, आणि दोन्हींचे कारण एकच असते: आपण काय बघणार आहोत हे दोघांनाही घरून निघतानाच माहीत होते.

पर्यटक नवे काही बघायला जातो असे आपण समजतो, पण मला ते पुरेसे खरे वाटत नाही. तो बहुतेक वेळा ओळख पटवायला जातो. २०१९ साली वीस रुपयांची नवी, हिरवट पिवळी नोट आली आणि तिच्या पाठीवर वेरूळचे चित्र आले, त्यानंतर कैलास लेण्यासमोर खिशातून नोट काढून ती हवेत धरणारी आणि नोटेतले व समोरचे जुळवून फोटो काढणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. एकाच अखंड खडकातून, वरून खाली खोदत आणलेले ते प्रचंड देऊळ पुढ्यात असताना माणसाला आनंद कशाचा होतो, तर ते आपल्या खिशातल्या नोटेसारखे दिसते याचा. यात हसण्यासारखे आहे, पण मीही वेगळी नाही. मुंबईला पहिल्यांदा गेले तेव्हा गेट वे ऑफ इंडिया समोर येताच माझ्या तोंडून "अगं, हे बघ!" असे निघाले होते, आणि त्या उद्गारात एखादी जुनी, केवळ पत्रांतून माहीत असलेली नातेवाईक प्रत्यक्ष भेटावी तसा भाव होता. ज्या शहराची काहीच माहिती नाही तिथे कोणी आपणहून सुटी घालवायला जात नाही, आणि ज्याची सगळीच माहिती आहे त्या आपल्या शहरात तर आपण दूध आणायलासुद्धा कंटाळतो. माणसाला ओढून नेते ती अर्धी ओळख.

अजिंठ्याची अर्धी ओळख जगाला कशी झाली याचा इतिहास तर याच गोष्टीचा आहे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूरच्या खोऱ्यात आला आणि त्याला ती लेणी दिसली, हे आपण शाळेत शिकतो. पण लेणी दिसली म्हणून लगेच त्यांच्याकडे रीघ लागली असे झाले नाही. त्यासाठी नकला व्हाव्या लागल्या. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे तिथे राहून चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा काम केले, आणि त्यांतल्याही कितीतरी प्रती लंडनलाच जळाल्या. पुढे लेडी हेरिंगहॅम आली, तिच्या मदतीला नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण बंगाली चित्रकार आले. या प्रतिकृती आणि त्यांच्यावरून छापलेली पुस्तके घराघरांत, चित्रशाळांत, परदेशांत गेली, आणि पद्मपाणीचा तो किंचित कललेला चेहरा लोकांना आधी कागदावर भेटला.

जपानी प्रवाशांचे तर याहून वेगळे आहे. नाराजवळच्या होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी असलेले साम्य त्यांच्या अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले होते, आणि १९४९ सालच्या आगीत होर्यूजीची ती चित्रे होरपळली. त्यामुळे अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात मंद उजेडात उभा राहिलेला एखादा वयस्क जपानी प्रवासी, गाइडचे बोलणे सोडून, जेव्हा नुसता बघत राहतो, तेव्हा तो काय बघत असेल असा प्रश्न मला नेहमी पडतो. आपल्या देशात जळून गेलेल्या एका चेहऱ्याचा आतेभाऊ त्याला इथे सह्याद्रीच्या कपारीत सापडलेला असतो.

आपल्याकडे गिल आणि त्याची इथली प्रेयसी पारो यांच्या कहाणीवर मराठीत कविता झाली, चित्रपट झाला, आणि त्यानंतर अजिंठा गावातल्या १८५६ सालच्या पारोच्या कबरीची चौकशी करणारी माणसे येऊ लागली. कबर आधीही होतीच. तिच्यापर्यंत नेणारी गोष्ट लोकांपाशी नव्हती.

आता या सगळ्यात आमच्या शहराचे काय? त्याची पंचाईत अशी आहे, की त्याच्या दोन्ही बाजूंना १९८३ सालापासून जागतिक वारसा म्हणून मिरवणारी दोन स्थळे आहेत, एक तीस किलोमीटरवर आणि दुसरे शंभर किलोमीटरवर, आणि त्यांच्या उजेडात मधले शहर दिसतच नाही. सहल कंपन्यांच्या भाषेत ते "मुक्कामाचे ठिकाण" आहे. दोन रात्री, तीन दिवस. पहिल्या दिवशी वेरूळ, जाता-येता दौलताबाद आणि घृष्णेश्वर. दुसऱ्या दिवशी अजिंठा. तिसऱ्या दिवशी निघण्याआधी दीड तास मकबरा आणि अर्धा तास हिमरूच्या दुकानात. (हिमरू म्हणजे रेशीम आणि सूत एकत्र विणून केलेले, किनखापासारखे दिसणारे कापड, हातमागावरचा खरा हिमरू आता मोजक्याच ठिकाणी उरला आहे. त्याचे नाव "हम-रूह", म्हणजे दुसऱ्यासारखा, या फारसी शब्दापासून आले असे सांगतात. दुसऱ्यासारखे असणे हे आमच्या शहराच्या कुंडलीतच असावे.) मराठी सहली असतील तर बरोबर स्वयंपाकीही असतो, म्हणजे नान-खलिया किंवा इथली इमरती यांचाही शहराशी ओळख करून देण्याचा मार्ग बंद. वरणभातावर लिंबू पिळून मंडळी रात्री साडेनऊला झोपतात, कारण पहाटे सहाला अजिंठ्याची गाडी असते.

त्यातून शहराचे नाव बदलले. त्या वादात मला इथे शिरायचे नाही; प्रवासाच्या दृष्टीने मात्र एक गंमत झाली आहे. परदेशातून येणाऱ्याच्या मार्गदर्शक पुस्तकात जुने नाव, तिकिटावर विमानतळाची तीच जुनी आयएक्सयू ही अक्षरे, आणि रस्त्यावरच्या पाटीवर नवे नाव, अशा स्थितीत आपण बरोबर ठिकाणी उतरलो की नाही याची खात्री करून घेणारी माणसे अजून भेटतात. अर्धी ओळख जमायला कितीतरी वर्षे लागतात. आणि ती नावाला चिकटून बसलेली असते.

तर त्या मंगळवारी, दुसरे काही सुचेना म्हणून, मी मैत्रिणीला मकबऱ्यावर घेऊन गेले. जाताना रिक्षात मला खरे सांगायचे तर लाजच वाटत होती. आग्र्यात जन्मलेल्या, तिथेच शिकलेल्या माणसाला मकबरा दाखवायचा म्हणजे कोल्हापूरकराला पुण्यातली मिसळ खाऊ घालण्यासारखे होते. तो समजूतदार भाव तिच्या चेहऱ्यावर कधी येतो याची मी वाट पाहत होते. कारंज्यांच्या टोकाशी ती थांबली, बघितले, आणि म्हणाली, "गर्दी नाही. बसू या का?"

आम्ही बसलो. मग तिने सांगितले, की तिच्याही घरी हाच प्रकार होता. पाहुणे आले की ताज. तिच्या वडिलांनी हिशेब ठेवला होता म्हणे, की आपण आजवर किती वेळा आत गेलो, आणि शंभराच्या पुढे गेल्यावर मोजणे सोडून दिले. तिला ताज आठवतो तो पाहुण्यांच्या चपला सांभाळताना, कोणाच्या तरी लहान मुलाला पाणी देताना, "शिखराला बोट लावल्यासारखा" फोटो काढून देताना. "मी ताजकडे बघतच नाही," ती म्हणाली, "मी बघणाऱ्यांकडे बघते. त्यांना आवडला की नाही याची जबाबदारी माझ्यावर असते ना." मला एकदम बाबांची आठवण झाली. "हा आमचा ताजमहाल" असे म्हणून ते पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहत, ते का, हे मला तेव्हा कळले.

तिने मकबऱ्याची ताजशी तुलना केली नाही, ती काही सौजन्यापोटी नव्हे. ताज तिच्या डोक्यात चित्र म्हणून नव्हताच. तो तिच्या घरचा एक कामाचा भाग होता, जसा मकबरा माझ्या घरचा होता. त्यामुळे तिच्या हाती ती तुलनेची फूटपट्टी नव्हती आणि ती सरळ समोरचे बघू शकत होती. मुख्य दरवाज्याच्या पितळी पत्र्यापाशी ती बराच वेळ रेंगाळली. त्यावर वेलबुट्टीच्या कामात काही अक्षरे कोरलेली आहेत. ती म्हणाली, "इथे कोणाचे तरी नाव आहे का?" मला माहीत नव्हते. त्या दरवाज्यातून मी किती वेळा आत गेले असेन याची गणती नाही, पण त्या पत्र्यावर काय आहे हे मी कधी पाहिले नव्हते. एका जाणत्या गाइडने सांगितले, की ती नावे हे बांधकाम करणाऱ्या अताउल्ला आणि हंसपतराय यांची आहेत. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा, म्हणजे ज्याच्याकडे ताजच्या रचनेचे श्रेय दिले जाते त्याचा मुलगा. मैत्रीण म्हणाली, "ताजवर ज्याने अक्षरे काढली त्याचे नाव आहे, बांधणाऱ्याचे नाही. म्हणजे बापाने जे केले नाही ते मुलाने इथे केले." मग आत गेलो. वरच्या सज्जातून, अष्टकोनी संगमरवरी कठड्यावरून वाकून खाली पाहिले की कबर दिसते, आणि लोकांनी टाकलेली नाणी आणि नोटाही दिसतात. ताजमध्ये वरती जी दिसते ती खरी कबर नव्हे. खरी तळघरात आहे आणि एरवी ती बघता येत नाही, हेही तिनेच सांगितले. माझ्या गावी येऊन ती मला माझी इमारत दाखवत होती.

परक्याच्या नजरेला आपल्यापेक्षा अधिक दिसते, असा यातून सरसकट निष्कर्ष काढायचा मला मोह होत नाही. ती परकी होती म्हणून तिला दिसले असे नाही. परक्यांची अख्खी बस त्याच वेळी बाजूने "पण ताजची सर नाही" म्हणत गेली. तिला दिसले, कारण डोळ्यांदेखत असूनही न दिसणे काय असते याचा तिला घरचाच अनुभव होता.

दुपारी पाणचक्कीवर गेलो. शहराबाहेरच्या डोंगरांमधले पाणी मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या आणि दाबाच्या बळावर, इथपर्यंत आणलेले आहे. ते उंचावरून पडद्यासारखे हौदात पडते आणि त्याच जोरावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ दळणारे जाते फिरत असे. हौदाच्या तळाखाली एक दालन आहे, ज्याचे छत म्हणजेच हौदाचा तळ, त्यामुळे भर उन्हाळ्यात तिथे गारवा असतो. मलिक अंबरने १६१० साली खडकी नावाचे गाव वसवले, त्या गावाचे पुढे हे शहर झाले, आणि नहरीने पाणी आणण्याची रीतही त्याच्यापासूनची. मैत्रीण थक्क होऊन विचारत होती, की कोणत्याही यंत्राशिवाय इतक्या लांबून पाणी कसे आले. मी उत्तर देत होते, पण तेवढ्यात आईचा फोन आला: "आज आपल्या गल्लीत पाण्याचा दिवस आहे, तीनला येईल म्हणतात, येताना वाटेत थांबू नका, टाकी भरायला माणूस हवा." जायकवाडीसारखे धरण शेजारी असलेल्या आमच्या शहरात नळाला चार-चार, कधी आठ-आठ दिवसांनी पाणी येते. चारशे वर्षांपूर्वीच्या नहरीचे कौतुक करायला शहरात राहणाऱ्याला सवड मिळत नाही याचे हेही एक कारण आहे. पर्यटकासमोर पाणी पडताना दिसते. रहिवाशाचे कान नळाच्या सुसकाऱ्याकडे लागलेले असतात. मैत्रिणीला मी हे सांगितले तेव्हा तिला हौदापेक्षाही त्यातच अधिक रस वाटला. घरी येऊन ती आईबरोबर पिंपे भरू लागली आणि आईने तिला पाहुणी मानणे बंद केले.

संध्याकाळी गुलमंडीवर इमरती खाल्ली आणि पैठण गेटपर्यंत पायी गेलो. बावन्न दरवाज्यांचे शहर अशी आमची ख्याती आहे. लहानपणी मी एका सुटीत ते मोजायचा प्रयत्न केला होता आणि बारापुढे जाऊ शकले नव्हते. उभे आहेत ते काही असे एकटे पडलेले आहेत, की तटबंदी गेली आणि दरवाजा तेवढा रस्त्याच्या मधोमध राहिला. वाहने त्याच्या दोन्ही बाजूंनी जातात आणि कोणालाही त्यातून आत किंवा बाहेर गेल्यासारखे वाटत नाही. मैत्रिणीने विचारले, "तुला यातला कोणता आवडतो?" मी म्हटले, "भडकल." तो का, हे मात्र मला सांगता आले नाही. मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयानंतर तो बांधला ही माहिती मी तिला दिली, पण ते कारण नव्हते. कारण एवढेच होते, की शाळेच्या रिक्षातून जाताना पावसात त्या कमानीखाली रिक्षा क्षणभर थांबे, पावसाचा आवाज एकदम बंद होई, आणि पुढे निघाल्यावर पुन्हा सुरू होई. हे कोणाला काय दाखवणार? माझ्यापाशी शहराची जी ओळख आहे तिला तिकीट लावता येत नाही आणि जिला तिकीट आहे ती ओळख मला नव्हती, असे त्या दिवशी मला वाटले.

पुढच्या वर्षी मी आग्र्याला गेले. निघण्यापूर्वी मैत्रिणीचा निरोप आला: "शुक्रवार सोडून कधीही ये. शुक्रवारी ताज बंद असतो. मी तुझ्यासारखी नाही." राजामंडीत त्यांचे घर. सकाळी बेडई आणि जलेबी खाऊन तिने मला आधी यमुनेच्या पलीकडे नेले, इतमादुद्दौलाच्या कबरीवर. नूरजहानने आपल्या आईवडिलांसाठी बांधलेली, १६२८ साली पूर्ण झालेली ही छोटी, दागिन्याच्या डबीसारखी इमारत. पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगड जडवण्याचे काम इथे ताजच्या आधी झाले. रिक्षावाला तिला "बेबी ताज" म्हणत होता. थोरलीला धाकटीचे बाळ म्हणण्याचा हा प्रकार पाहून मला हसू आले आणि मकबऱ्याच्या बाबतीत वाटणारी जुनी लाज जरा कमी झाली. ताजने निदान पक्षपात केलेला नाही. आधीचे आणि नंतरचे, दोन्ही त्याने सारखेच गिळले आहेत.

मग ताज. दरवाज्याच्या कमानीतून तो दिसला आणि माझ्या मनात जे आले ते इथे लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. मला तो पसरट वाटला. मनोरे फार दूर उभे आहेत, मध्ये उगाच मोकळी जागा सोडली आहे, कोणीतरी मकबरा घेऊन चारी बाजूंनी ताणला आहे, असे. माझे डोळे आखडलेल्या, उभट इमारतीवर घडलेले होते, आणि जगातली सर्वांत प्रमाणबद्ध म्हणून नावाजलेली वास्तू त्यांना क्षणभर सैल वाटली. तो क्षण गेला, मग त्या संगमरवराचा रंग, सकाळचे ऊन, सगळे यथास्थित दिसू लागले आणि मी इतरांसारखीच गप्प झाले. मैत्रीण माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटले, "मनोरे जरा लांब आहेत." ती इतकी हसली, की शेजारचे दोघे वळून बघू लागले.

संध्याकाळी तिचे वडील व्हरांड्यात बसले होते. थकलेले आहेत, आता पाहुण्यांबरोबर जात नाहीत. मला ताज आवडला की नाही हे त्यांनी विचारले नाही. शंभरावर वेळा ते उत्तर त्यांनी ऐकले होते. त्यांनी विचारले, "तुमच्याकडेही एक आहे म्हणे. कसा आहे?"

बाबांचे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण त्यांच्यापुढे ते बोलण्यात काही अर्थ नव्हता. मी खुर्ची जरा जवळ ओढली आणि म्हटले, "त्याच्या दरवाज्याला पितळेचा पत्रा आहे, काका. त्यावर दोन माणसांची नावे आहेत."